वाचकांचे प्रश्न : शरदातला पहाडी ओढा आणि ट्राउटसाठी तीन तास

पहाडी ओढ्यावर गळ टाकून ट्राउट पकडण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी शरद ऋतूशी संबंधित असलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. शरद म्हणजे उत्तर गोलार्धात साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि दक्षिण गोलार्धात मार्च ते मे. या महिन्यांत ओढ्याचे पाणी उतरलेले, थंड आणि स्वच्छ असते, आणि ट्राउटच्या अनेक जातींच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक काळही हाच असतो. म्हणून मासा कसा मिळवावा या प्रश्नाइतकेच तो कोठे व केव्हा अजिबात शोधू नये, याचेही उत्तर मी येथे सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मला ओढ्यावर सलग तीन तासांहून अधिक वेळ देता येत नाही. गेल्या शरदात दोन वेळा उजाडण्यापूर्वीच जाऊन पोहोचलो. पाणी निवळशंख होते, मासे डोळ्यांना दिसत होते, परंतु काठावर पाऊल टाकताच ते दगडांखाली नाहीसे होत. दोन्ही वेळा रिकाम्या हातांनी परतलो. माझे नेमके काय चुकते?

आपल्या पत्रावरून दोन चुका स्पष्ट दिसतात. पहिली वेळेची आणि दुसरी काठाकडे जाण्याच्या पद्धतीची.

वेळेविषयी प्रथम सांगतो. पहाटे मासा अधिक खातो, हा उन्हाळ्यातील अनुभव आहे आणि उन्हाळ्यात तो खराही असतो, कारण तेव्हा दिवसभराच्या मानाने पहाटेचे पाणी थंड असते. ट्राउट हा शीतरक्ताचा मासा असल्यामुळे त्याच्या शरीराचा वेग पाण्याच्या तापमानावर ठरतो. ब्राउन ट्राउट साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात उत्साहाने खातो, पाणी १९-२० अंशांच्या वर गेले की खाणे सोडून देऊ लागतो आणि पाणी ५-६ अंशांवर आले की तळाशी जवळजवळ स्तब्ध उभा राहतो. शरदातील निरभ्र रात्रीनंतर उंचावरील ओढ्याचे पाणी पहाटे नेमके याच खालच्या टोकाला पोहोचलेले असते. आपण ज्या घटकेला पोहोचलात ती दिवसभरातील सर्वांत निरुपयोगी घटका होती, असे म्हणावे लागते. या ऋतूत आपले तीन तास सकाळी अकरा ते दुपारी दोन किंवा बारा ते तीन असे घ्यावेत. पाण्यात बुडवून वाचता येईल असा साधा तापमापक जवळ असावा आणि पोहोचताच पहिले काम तापमान पाहण्याचे करावे. पाणी ७ अंश दाखवीत असेल, तर घाई न करता थांबावे. दोन तासांत ते ९ अंशांवर गेलेले दिसले, तर माशाच्या वागण्यातील फरक आपल्याला डोळ्यांनी दिसेल. ऊन दरीच्या कोणत्या बाजूने प्रथम उतरते हेही लक्षात घ्यावे, कारण डोंगराच्या सावलीत राहिलेला डोह आणि तासभर ऊन खाल्लेला डोह यांत कीटकांची हालचाल सारखी नसते.

याला एक अपवाद आहे. सौम्य, ढगाळ आणि किंचित दमट दिवशी बेटिस या वंशाच्या छोट्या मेफ्लाय (पाण्यात वाढणारे नाजूक पंखांचे कीटक), ज्यांना गळ टाकणारे ब्लू-विंग्ड ऑलिव्ह म्हणतात, दुपारभर पृष्ठभागावर येत राहतात. असा दिवस मिळाला तर घड्याळाकडे न पाहता पाण्याकडे पाहावे.

आता काठाकडे जाण्याविषयी. आपण मासे पाहिलेत त्याच्या आधीच माशांनी आपल्याला पाहिले होते, आणि हे कसे घडते ते एकदा समजून घेतले की चालण्याची पद्धत आपोआप बदलते. पाण्याखालून वर पाहताना प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे माशाला बाहेरचे सारे जग एका गोल खिडकीतून दिसते. या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांचा असतो आणि तिचा व्यास माशाच्या खोलीच्या सुमारे सव्वादोन पट असतो. म्हणजे अर्धा मीटर खोल उभ्या असलेल्या ट्राउटच्या डोक्यावर सुमारे सव्वा मीटरहून थोडी लहान अशी गोल खिडकी असते आणि तिच्यात आकाशापासून काठापर्यंतचे सर्व काही दाबून बसविलेले असते. क्षितिजालगतच्या वस्तू खिडकीच्या कडेला इतक्या चेपल्या जातात की पाण्याच्या पातळीपासून साधारण १० अंशांच्या आतील वस्तू माशाला जवळजवळ ओळखू येत नाही. हिशेब केला तर सहा मीटर अंतरावर ही उंची एक मीटरच्या आसपास येते. ताठ उभा राहिलेला मनुष्य नऊ-दहा मीटरांवरूनही दिसतो. तोच मनुष्य गुडघ्यावर बसून सहा मीटरांपर्यंत आला तरी माशाच्या दृष्टीने तो काठावरचा एक गोटा असतो. शरदात पाणी संथ आणि काचेसारखे असल्यामुळे ही खिडकी स्वच्छ असते. खळाळत्या पाण्यावर मात्र ती सतत मोडत राहते, म्हणून तेथे अधिक जवळ जाता येते.

ट्राउट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि त्याच्या थेट पाठीमागे त्याला न दिसणारा एक अरुंद पट्टा असतो. म्हणून ओढ्याच्या खालच्या अंगाने वर सरकत जावे. सूर्य पाठीशी असेल तर आपली आणि रॉडची सावली कोठे पडते ते प्रत्येक पावलाला पाहावे, कारण तळावरून सरकणारी सावली एका क्षणात संपूर्ण डोह रिकामा करते. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी गेलेली पार्श्वरेषा पाण्यातील मंद कंपने टिपते, त्यामुळे काठावर पाय आपटणे, पाण्यातील गोटे एकमेकांवर घासणे आणि कमरेएवढ्या पाण्यातून लाट ढकलीत चालणे हे सर्व त्याला कळते. आपण आपसांत बोललेले मात्र हवेतून पाण्यात फारसे उतरत नाही. तेव्हा कुजबुजत बोलण्यापेक्षा हलक्या पावलांनी चालण्याची काळजी घ्यावी.

माझी आपल्याला कळकळीची सूचना अशी की तीन तासांपैकी पहिली वीस मिनिटे गळाला हात न लावता पहिल्या डोहाच्या खाली बसून काढावीत. ध्रुवीकृत चष्मा असल्यास पृष्ठभागावरील चकाकी नाहीशी होऊन तळ दिसतो. फेसाची रेषा कोठून वाहते ते पाहावे. प्रवाह जे तरंगते अन्न गोळा करतो, तेच त्या रेषेवरून जाते आणि तिच्या कडेला, जोराचे पाणी व मंद पाणी जेथे एकमेकांना स्पर्श करतात तेथे, मासा उभा असतो. कमी कष्टात उभे राहता यावे आणि तोंडासमोरून अन्न जावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. ओढा उतरलेला असताना उथळ खळाळातील मोठे मासे डोहाच्या तोंडाशी, काठाने आतून पोखरलेल्या जागेत, बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला किंवा मोठ्या शिळेच्या पुढच्या आणि मागच्या उशीसारख्या मंद पाण्यात सरकतात. बसून राहिल्यावर दहाव्या-बाराव्या मिनिटाला, आधी पूर्ण रिकामा वाटलेल्या डोहात, एक करडी आकृती डावीकडे सरकून पुन्हा जागेवर येताना दिसते. तो मासा खात असतो. गळ त्यासाठी टाकावा.

तीन तासांत चार किंवा पाच डोह पुरेसे आहेत. मी स्वतः अनेक वर्षे एका फेरीत दीड-दोन किलोमीटर ओढा चालून जात असे आणि पुढचे प्रत्येक वळण मागच्यापेक्षा चांगले असेल अशा समजुतीने प्रत्येक डोहाला पाच मिनिटे देत असे. तीनशे मीटरांत तीन तास घालवू लागल्यानंतरच मला ओढ्यातील मासे खरोखर दिसू लागले.

प्रश्न : माझ्याकडे मोठ्या नदीसाठी घेतलेला नऊ फुटी रॉड आणि पाच क्रमांकाची लाईन आहे. लहान ओढ्यासाठी सर्व नवे घ्यावे लागेल का? शरदात कोणत्या कृत्रिम माश्या (गळावर बांधलेल्या कीटकांच्या नकला) न्याव्यात?

सर्व नवे घेण्याची आवश्यकता नाही. फांद्या डोक्यावर आलेल्या अरुंद ओढ्यावर सात ते साडेसात फुटी रॉड आणि तीन क्रमांकाची लाईन अधिक सोयीची पडते, कारण हलकी लाईन पाण्यावर आवाज न करता उतरते. परंतु मोकळ्या काठांच्या ओढ्यावर आपला लांब रॉडच अधिक उपयोगी आहे. त्याने मधल्या जोराच्या प्रवाहावरून लाईन उचलून धरता येते. जपानमधील पहाडी ओढ्यांवर वापरली जाणारी तेनकारा पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. तिच्यात रील नसते, सुमारे साडेतीन ते चार मीटर लांबीच्या लवचीक रॉडच्या टोकालाच दोरी बांधलेली असते आणि पाण्यावर जवळजवळ केवळ माशी टेकते. थोड्या वेळाच्या फेरीला ही पद्धत मला फार योग्य वाटते, कारण तयारीला दोन मिनिटे लागतात.

खर्च करावयाचाच असेल तर तो दोरीच्या शेवटच्या, सर्वांत बारीक भागावर, म्हणजे टिपेटवर करावा. स्वच्छ व उतरलेल्या पाण्यात ५एक्स, म्हणजे ०.१५ मिलिमीटर जाडीचा, आणि फार संथ डोहात ६एक्स, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटर जाडीचा टिपेट घ्यावा. या आकड्यांचा क्रम प्रथम उलटा वाटतो, कारण आकडा जितका मोठा तितका धागा बारीक. ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मिळते, एवढे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही. लीडर, म्हणजे लाईन आणि टिपेट यांना जोडणारा निमुळता धागा, आणि टिपेट मिळून लांबी किमान रॉडएवढी असावी. फांद्या आड येत नसतील तर ती दहा-बारा फुटांपर्यंत न्यावी.

माश्यांचा मोठा डबा नेऊ नये. चार प्रकार पुरतात. करड्या रंगाची ॲडम्स, जी लेन हॅलाडे यांनी १९२२ साली मिशिगनमध्ये तयार केली आणि जी कोणत्याही एका कीटकाची अचूक नक्कल नसूनही अनेकांसारखी दिसते, ती १६ ते २० क्रमांकाच्या गळावर असावी. कॅडिस या पतंगासारख्या कीटकासाठी एल्क हेअर कॅडिस १४ किंवा १६ क्रमांकावर असावी. तिसरी मुंगी किंवा भुंगा. पहिले कडक दहिवर पडेपर्यंत काठावरून पडणारे कीटक हे ट्राउटचे मोठे अन्न असते आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर ते पाण्यात येते, म्हणून झुकलेल्या गवताच्या कडेखाली टाकलेली काळी मुंगी क्वचितच दुर्लक्षित राहते. चौथी फेझंट टेल निम्फ. निम्फ म्हणजे पाण्याखालील अळीची नक्कल. इंग्लंडमधील एव्हन नदीचे रक्षक फ्रँक सॉयर यांनी ती तितराच्या कुळातील फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार एवढ्याच साहित्यात बांधली. तांब्याच्या वजनाने ती लगेच बुडते आणि पाण्यात पोहणाऱ्या बेटिसच्या अळीसारखी दिसते. पाणी थंड असेल तेव्हा वर तरंगणारी माशी आणि तिच्या गळाच्या वाकापासून ४०-५० सेंटिमीटर खाली ही निम्फ, अशी जोडी लावावी. वरची माशी थबकली किंवा बुडाली की हलक्या हाताने रॉड उचलावा.

माशीच्या निवडीपेक्षा ती कशी वाहते हे अधिक महत्त्वाचे आहे, आणि याबाबतीत मी ठाम आहे. लाईन जोराच्या पाण्यावर आणि माशी मंद पाण्यावर पडली की लाईन माशीला ओढू लागते व माशीच्या मागे पाण्यावर बारीक रेघ उमटते. खरा कीटक असा कधीच जात नाही. ट्राउट ती रेघ ओळखतो आणि त्या डोहात बराच वेळ काहीही घेत नाही. उपाय सोपा आहे. जवळ जावे, चार-सहा मीटरांच्या वर टाकू नये, रॉडचे टोक उंच धरावे आणि शक्य तितकी कमी लाईन पाण्यावर पडू द्यावी. डोहाच्या वरच्या टोकाऐवजी प्रथम आपल्या जवळचे शेपूट, म्हणजे डोहाचे खालचे टोक, मग मध्य आणि शेवटी तोंड, असा क्रम ठेवला तर खालचा घाबरलेला मासा वर पळून बाकीच्यांना सावध करीत नाही.

प्रश्न : शरद हा ट्राउटचा विणीचा हंगाम असतो असे वाचले. मग या दिवसांत गळ टाकणे योग्य आहे का? अंडी घातलेली जागा ओळखावी कशी?

हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे.

सर्व ट्राउटची वीण एकाच वेळी होत नाही. मूळचा युरोप आणि पश्चिम आशियातील ब्राउन ट्राउट आणि मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील ब्रूक ट्राउट शरदात व हिवाळ्याच्या प्रारंभी अंडी घालतात. पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या नद्यांतील मूळचा रेनबो ट्राउट मात्र बहुधा वसंतात अंडी घालतो. म्हणून प्रथम आपल्या ओढ्यात कोणती जात आहे ते जाणून घ्यावे आणि त्यानंतर तेथील हंगाम कोणत्या तारखेला बंद होतो ते पाहावे. हे नियम जागोजागी वेगळे आहेत. उदाहरणार्थ, स्कॉटलंडमध्ये ब्राउन ट्राउटसाठी ७ ऑक्टोबर ते १४ मार्च हा काळ बंद असतो. परंतु मासे दिनदर्शिका पाहत नाहीत. पाणी लवकर थंड झाले तर हंगाम खुला असतानाही वीण सुरू होते, आणि तेव्हा नियमाची मर्यादा संपून आपल्या विवेकाची सुरू होते.

जागा ओळखणे कठीण नाही. मादी डोहाच्या शेपटाशी, जेथे संथ पाणी वेग घेऊन पुढच्या खळाळात उतरते तेथे, सुपारीपासून लिंबापर्यंतच्या आकाराची खडी निवडते. ती एका कुशीवर वळून शेपटीचे फटके मारते, त्यामुळे खडी उचलली जाऊन प्रवाहाबरोबर थोडी खाली सरकते आणि खळगा तयार होतो. त्यात अंडी पडली आणि नराने ती फलित केली की मादी लगेच खळग्याच्या वरच्या अंगाला पुन्हा फटके मारून नवी खडी अंड्यांवर लोटते. एक किलो वजनाची मादी साधारण दीड ते दोन हजार अंडी घालते. पहाडी ओढ्यातील पाव किलोच्या मादीची गाभोळी याच प्रमाणात लहान असते. या उलथापालथीत खडीवरचे शेवाळ व गाळ धुऊन जातो आणि आजूबाजूच्या काळपट तळावर फिकट, स्वच्छ, लांबट असा डाग दिसू लागतो. त्याच्या वरच्या टोकाला खळगा आणि खालच्या टोकाला छोटा उंचवटा असतो. अंडी त्या उंचवट्याखाली असतात. आपण ज्याला चांगली, घट्ट आणि पाय ठेवण्यास सोयीची खडी समजतो, तीच ही जागा असते.

अंडी तेथे किती काळ राहतात हे समजले तर पाय आपोआप जपून पडेल. ती उबण्यास लागणारा काळ पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतो. ५ अंशांच्या पाण्यात ब्राउन ट्राउटची अंडी फुटायला सुमारे तीन महिने लागतात. फुटल्यानंतरही पिल्ले पोटाशी बलकाची पिशवी घेऊन आणखी काही आठवडे खडीच्या फटींतच राहतात आणि वसंताच्या सुमारास वर येतात. या संपूर्ण काळात खडीतून वाहणारे पाणी त्यांना प्राणवायू पुरविते. पाय पडून खडी दाबली गेली किंवा फटींत गाळ बसला, तर ती गुदमरतात. फलित झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत, अंड्यात डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागण्यापूर्वी, तर नुसत्या धक्क्यानेही अंडे मरते.

मी गळ टाकायला लागून फार दिवस झाले नव्हते तेव्हा एका ओढ्याच्या पलीकडे जाण्यासाठी असाच एक फिकट पट्टा निवडला होता. दुसरे पाऊल टाकताना माझ्या नडगीजवळून एक मादी निघून गेली. तिच्या शेपटीची खालची कड झिजून पांढरी झालेली होती. त्या पांढऱ्या कडेचा अर्थ मला नंतर कळला आणि ती खडी मी अद्याप विसरलेलो नाही.

तेव्हा माझे उत्तर असे आहे. शरदाच्या पूर्वार्धात, हंगाम खुला असताना आणि मासे खाण्याच्या जागी असताना, गळ टाकण्यात काही गैर नाही. फिकट डाग दिसू लागले, जोड्या उथळ पाण्यात उभ्या दिसू लागल्या, नरांच्या खालच्या जबड्याला बाक आला आणि पोटाचा रंग गडद नारिंगी झाला की त्या जागा पूर्ण सोडाव्यात. विणीत गुंतलेल्या माशासमोर माशी नाचविली तर तो चिडून तोंड मारतोही. त्याला मासेमारी म्हणणे मला मान्य नाही. काही जण डागाच्या खालच्या अंगाला उभ्या असलेल्या, वाहून आलेली अंडी खाणाऱ्या रेनबोसाठी अंड्यासारखा नारिंगी मणी वापरतात. त्यात नियमभंग नसेलही, परंतु त्यासाठी आपल्याला अंड्यांच्या शेजारीच उभे राहावे लागते आणि गळाला रेनबोऐवजी मादी लागण्याचा संभव असतो, म्हणून मी ते करीत नाही आणि आपणही करू नये अशी विनंती करतो. सबंध ओढाच असा भरलेला दिसला तर गळ आवरून काठावर बसावे. माद्या खडी उलथताना पाहण्यासाठी मी तीन-तीन तास बसलो आहे.

प्रश्न : पकडलेला मासा मी नेहमी परत सोडतो. तरीही काही मासे सोडल्यावर कुशीवर पडतात. हे टाळता येईल का?

बव्हंशी टाळता येईल. झुंजीत माशाच्या स्नायूंत आम्ल साठते आणि त्याला प्राणवायूची अत्यंत गरज असते, नेमके त्याच वेळी आपण त्याला पाण्याबाहेर धरतो. हवेत कल्ल्यांची नाजूक पाने एकमेकांना चिकटतात आणि श्वास जवळजवळ थांबतो. कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या रेनबो ट्राउटवरील प्रयोगात, केवळ दमविलेल्या माशांपैकी ८८ टक्के मासे बारा तासांनंतर जिवंत होते. दमवून ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ६२ टक्के आणि ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी केवळ २८ टक्के उरले. हे प्रयोगशाळेतील आकडे आहेत आणि ओढ्यावर ते जसेच्या तसे लागू होतील असे नाही, परंतु छायाचित्रासाठी घालविलेल्या एका मिनिटाची किंमत ते पुरेशी स्पष्ट करतात.

काटा नसलेला गळ वापरावा, किंवा असलेला काटा चिमट्याने दाबून सपाट करावा. मासा लवकर जवळ आणावा. हात ओले करूनच त्याला स्पर्श करावा, कारण कोरड्या हाताला अंगावरील बुळबुळीत थर निघून येतो आणि त्या जागी बुरशी धरते. शक्य असल्यास मासा पाण्यातच ठेवून, गळाचा दांडा धरून उलट दिशेने हलका झटका द्यावा. अनेकदा माशाला हात लावावाच लागत नाही. गळ खोल गिळला गेला असेल तर ओढाताण न करता टिपेट तोंडाजवळ कापावा. सोडताना माशाला मंद प्रवाहात तोंड वरच्या अंगाला करून धरावे आणि तो स्वतःच्या बळाने निघेपर्यंत थांबावे. त्याला पुढे-मागे हलवू नये. शरदातील थंड पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम तर २० अंशांच्या पाण्यात सुमारे ९, त्यामुळे या ऋतूत मासा उन्हाळ्यापेक्षा लवकर सावरतो.

प्रश्न : मला बहुधा एकट्यानेच जावे लागते. ओढा लहानच आहे. तरीही विशेष काळजी घ्यावी का?

होय. कोठे जात आहोत आणि किती वाजता परतणार, हे एका व्यक्तीला नक्की सांगून जावे. एकटे असताना गुडघ्याच्या वरच्या पाण्यातून ओढा ओलांडू नये, आणि ओलांडताना काठीचा आधार घेऊन, एक पाय घट्ट बसल्याखेरीज दुसरा उचलू नये. पडलेल्या ओल्या पानांखालचा खडक शेवाळापेक्षाही निसरडा असतो. सुती कपडे ओले झाले की ऊब धरीत नाहीत, म्हणून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा एक कोरडा थर पिशवीत वेगळा ठेवावा. वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरण्यासाठीची जलरोधक विजार, घालत असल्यास कमरेचा पट्टा आवळलेला असावा, म्हणजे पडल्यास पाणी वेगाने आत शिरत नाही. पाणी अकस्मात गढूळ झाले, किंवा काड्या-पाने एकदम वाढली, तर वर कोठेतरी पाऊस झाला आहे असे समजून लगेच बाहेर यावे. दरीत ऊन लवकर जाते. परतण्याची वेळ सूर्यास्तावरून न ठरविता समोरच्या कड्यावर सावली चढू लागते त्यावरून ठरवावी.

प्रश्न : शरदात पाण्यावर इतकी पाने येतात की प्रत्येक वेळी माशीला पानच अडकते. काय करावे?

वारा सुटला असेल त्या तासात सरळ थांबावे, कारण पानांचा लोंढा सहसा वाऱ्याबरोबर येतो आणि थोड्या वेळाने विरळ होतो. पाने डोहाच्या एका बाजूला, वळणाच्या बाहेरच्या अंगाला गोळा होतात, म्हणून आतल्या अंगाने माशी टाकावी. निम्फला वजन थोडे वाढविले तर ती तरंगणाऱ्या पानांच्या थराखाली लवकर जाते. माशीला पान लागले असता लाईन हवेत जोराने झटकू नये. टिपेट पिळला जातो. हाताशी ओढून काढावे.

या पानांचा आपल्याला एक उपयोगही करून घेता येईल. दगडाला अडकून काळी पडलेली पानांची एखादी गड्डी पाण्यातून हळूच उचलून पांढऱ्या ताटलीत किंवा तळहातावर उलगडावी. त्या गळालेल्या पानांवरच ओढ्यातील अनेक कीटकांच्या अळ्या हिवाळाभर जगतात, आणि तिच्यात कॅडिसची छोटी नळकांडी, स्टोनफ्लायच्या दोन शेपट्यांच्या अळ्या आणि बहुधा तीन शेपट्यांच्या बारीक मेफ्लाय सापडतात. त्यांचा रंग आणि लांबी पाहून आपल्या डब्यातील निम्फ निवडावी, आणि गड्डी जेथून उचलली त्याच दगडाला परत टेकवून ठेवावी.